सरकलेला निळा

प्रिय रखमा,

नाय गो, पुढचं वाचून तुला वाटंल, पण माझ्या डोळ्यांना काय एक झालेलं नाय. मोतीबिंदू कधीच काढून झाला, सुईत दोरा अजून माझा मीच ओवते. हल्ली चित्रच तसं छापलेलं असतं. मुद्दाम. काळं एकीकडं आणि निळं जरा बाजूला, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं आपल्यालाच दोन-दोन दिसतंय. महाडात उतरलं की सगळीकडं तेच. स्टँडासमोरच्या चहावाल्याच्या पाटीवर एक किटली आणि तिच्या अंगाला चिकटून दुसरी निळी किटली. कंपनीत पाळीला जाणाऱ्या पोरांच्या शर्टाच्या पाठीवर तेच. लग्नाच्या पत्रिकेत नवरानवरी पण तशीच, बघून वाटतं चौघांचं लगीन लागतंय. परवा मी एका पाटीकडं डोळे बारीक करून बघत उभी, तर एक जण मला आंधळी समजून हाताला धरून रस्ता ओलांडून द्यायला लागला. मला जायचं होतं अलीकडंच. झटकला त्याचा हात.

कंपनीत आपण डब्यांना लेबलं चिकटवायचो तेव्हा एवढं वाकडं गेलेलं लेबल साहेबानं तोंडावर मारलं असतं. आता त्याला डिझाइन म्हणतात, आणि ते शिकायला पोरं परीक्षा देतात. हे खूळ आमच्या आम्रपालीनं काढलंन. माझ्या भावाची नात ती, मुंबईला असते, गाणारे-वाजवणारे जे कोण नवे निघालेत त्यांची पोस्टरं आणि कव्हरं काढते. लहान असताना सुट्टीला तुडीलला आली की फळीवरची आपली गाण्यांची कॅसेट खाली घ्यायची. तोवर घरातला टेप बिघडून माळ्यावर गेलेला. त्यामुळं तिनं ऐकलं काय नाय, नुसतं बघितलंन. डबी उघडायची, कव्हर काढायचं, उन्हात धरायचं, परत घालायचं. दुपारभर. एकदा जाताना फ्राकात लपवून घेऊन गेली, ते बरंच झालं, बाकीच्या सगळ्या पुढं पुरात गेल्या. मोठेपणी पहिलं पोस्टर काढलंन त्यात त्या कव्हरावरच्यासारखाच निळा बाजूला सरकवलान. कुणाला तरी आवडला. मग दुसऱ्यानं सरकवलान, तिसऱ्यानं सरकवलान, आणि आता ज्यांनी कॅसेट कधी हातात धरलेली नाय ती पोरं पण सरकवतायत. जुन्या बाजारात जाऊन कॅसेटी उचलतात म्हणे, कव्हर भिंतीला लावतात आणि कॅसेट टाकून देतात. म्हणलं, ही काय रीत, कोंबडी फेकायची आणि पिसं ठेवायची. तर मला म्हणते, आजी, पिसांवरनंच कळतं ना कोंबडा कसला होता. वकील व्हायची ती चुकून चित्रकार झाली. आता तिला आपली कॅसेट परत काढायचीय, येत्या मार्चात, सत्याग्रहाच्या दिवशी तळ्यावर लोक जमतात तेव्हा. आणि कव्हरवर गाणाऱ्या बाईचं नाव मोठ्या अक्षरात पाहिजे तिला. तिला वाटत होतं ते नाव तिला ठाऊक हाय.

तुला सांगते, मलापण आधी ठाऊक नव्हतं. लेबलांच्या टेबलावर आपण सगळ्याच बायका नाकातोंडाला फडकं बांधून बसायचो, रसायनाच्या त्या वासानं. कुणीतरी गायचं आणि कोण गातंय ते कळायचं नाय. फडक्यामागनं आवाज यायचा, दूरनं आल्यासारखा, डोंगरापलीकडं कुणी हाक मारतंय तसा. मी एकेकीचे डोळे बघायचे. सगळ्यांचे डोळे लेबलावर. कितीतरी दिवस मला वाटायचं तो आवाज कुणाचाच नाय, त्या वासातनंच येतो. मग एकदा तू पाणी प्यायला फडकं खाली केलंस आणि गाणं बंद पडलं, तेव्हा कळलं. पोलादपूरच्या वरल्या वाडीतली ती काटकुळी सून, कंपनीच्या गाडीत कायम मागं बसणारी. काय गातेस म्हणून विचारलं तर म्हणलीस, काय नाय गो, झऱ्यावर रांगेत उभं राहून राहून जमलेलं.

पाणी वाहतं गो बाये, त्याला नाव नाय गाव,
ज्याच्या ओंजळीत आलं, त्याला म्हणं माझा भाव.

मी घरी येऊन आमच्या ह्यांना म्हणून दाखवलं. मला गाता येत नाय, तरी ते ऐकून हे जेवता जेवता थांबले. तुला ठाऊकच हाय, ह्यांच्या गायनपार्टीला तेव्हा गाणारी बाई नव्हती, होती ती लगीन होऊन सुरतेला गेली, आणि साल होतं बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं. गावोगावच्या पार्ट्या कॅसेटी काढत होत्या. हे म्हणाले, तळ्याचं गाणं हेच. असलं पाणी मला जन्मात लिहिता येणार नाय.

पुढचं तू विसरली नसशील. घरी ओवरटाईम सांगून आलीस. महाडात त्या कॅसेट भरणाऱ्या माणसाच्या खोलीत भिंतीला गोधड्या टांगलेल्या, बाहेरची एसटी आत ऐकू येऊ नये म्हणून, आणि उकाड्यानं ढोलकीवाल्याचा घाम ढोलकीवर गळत होता. तू डोळे मिटलेस, फडकं नसून पण हात तोंडापाशी धरलास, सवयीनं. सगळी गाणी एका दमात म्हणलीस, आणि शेवटी विचारलंस काय तर, माझी शेवटची गाडी चुकणार नाय ना. नाव घालायचं नाय, फोटो घालायचा नाय, हे तूच आधी बोललीस. बरोबरच बोललीस. वाडीतली सून भीमाची गाणी गाते, आणि आमच्या पार्टीत बसून गाते, हे तुझ्या सासऱ्याच्या कानावर गेलं असतं तर गाणं राहू दे, वाडीनं तुमच्या घराला झऱ्यावर पाय ठेवू दिला नसता. म्हणून मग कव्हरवर मी. फोटो स्टुडिओत मला निळं लुगडं नेसवून माइकसमोर उभी केली आणि फोटोवाला म्हणतो, बाई, आ करा. आ केला. तू त्याच्या मागं उभी राहून असले हातवारे करत होतीस की मला हसू दाबताना डोळ्यांत पाणी आलं. आणि लोक म्हणतात, काय भाव हाय बाईच्या चेहऱ्यावर.

छापखान्यात कागद दोनदा यंत्रातनं जायचा, एकदा निळ्याला आणि एकदा काळ्याला, आणि दुसऱ्या खेपेला तो सरकला. झालं एवढंच. ह्यात कसली कला नव्हती. हे छापखानेवाल्याच्या अंगावर धावून गेले, पण परत छापायला वेळ कुठला, जयंती तोंडावर आलेली. ओले गठ्ठे तुडीलला आणले. रविवार होता, सावित्रीला भरती चढत होती, आणि आपण दोघी काठच्या रेतीवर ती कव्हरं मांडत सुटलो, प्रत्येकावर एक-एक खडा ठेवून. सगळी रेती माझ्या तोंडानं भरली. वारा आला की सगळी तोंडं एकदम उचलायची आणि परत खाली बसायची, जशी काय श्वास घेतायत. तू लुगडं खोचून त्यातनं फिरत होतीस, पाय पडू नये म्हणून टाचा उचलून, आणि पाणी एवढं हळू वर येत होतं की येतंय असं वाटतच नव्हतं. मग एक कव्हर उचलून तू निळ्यावर बोट ठेवलंस आणि म्हणलीस, ही मी. मी बघितलं. खरंच गो, काळी होती ती माझ्यासारखी, निळी जरा तुझ्यासारखी दिसत होती. नाक तेच, पण गाणारी. मग पाणी टाचांना लागलं आणि आपण दोघी धावत कव्हरं गोळा करायला लागलो.

तेव्हापासनं माझा घसा बसलेला हाय. दर मार्चात तळ्यावर कोण ना कोण ओळखतं, जानकीबाई, दोन ओळी होऊ द्या, आणि मी गळ्याला हात लावते. लोकांनी मध दिला, हळद दिली, एका डॉक्टरनं तर तिथंच तोंड उघडायला लावून बॅटरी मारलीन. म्हणाला, काही दिसत नाही. म्हणलं, नसलेलं कसं दिसंल. ह्याचं मला कधी ओझं वाटलं नाय, ठरलं होतं तसं केलं. तू कंपनी सोडलीस, भेटणं राहिलं, हे गेले, तुझा मालक गेला, ते पण चाललंच. पण गेल्या वर्षा-दोन वर्षांत हा निळा सगळीकडं उगवायला लागला आणि माझं चित्त थाऱ्यावर राहत नाय. भिंतीवर कुणाचा पण चेहरा असू दे, मला बाजूची निळीच आधी दिसते. बस सुटते, तिच्या मागच्या जाहिरातीतली बाई निघून जाते आणि निळी जरा मागं रेंगाळते. सकाळी धुक्यात खाडीकडं जाते तर माझीच सावली मला जरा सरकलेली वाटते, आणि मी थांबले की ती अर्ध पाऊल उशिरा थांबते. आम्रपालीला हे बोलले असते तर तिनं त्याचं पण पोस्टर केलं असतंन, म्हणून बोलले नाय. तुला बोलते.

आणि परवाची गोष्ट. महाडच्या स्टँडावर बाकावर बसलेले, समोरनं एक कॉलेजातली पोरगी आली आणि तिच्या छातीवर मी. टी-शर्टवर. आ केलेली, निळी सरकलेली. तसले शर्ट गेल्या मार्चात तळ्यावर होते विकायला. पोरगी माझ्या शेजारी बसली, माझ्याकडं बघितलंन पण नाय, म्हातारी कोण ओळखतंय. म्हणलं, कुणाची गो तू. म्हणली, वरल्या वाडीची, किशोरची मुलगी, सेजल. मग मी नीट बघितलं. तुझेच डोळे, रखमा. शर्ट कुणी दिला विचारलं तर मित्रानं म्हणली आणि कानापर्यंत लाल झाली. मी पुढं विचारलं नाय, आमच्याकडचं घरी लपवायची तुम्हां लोकांची ती जुनीच खोड. मग आपणहून बोलायला लागली. मोबाइलवर तिला ह्या बाईचं गाणं सापडलं, कुणीतरी टाकलेलं, आणि घरी लावलं तर आजी तांदूळ निवडता निवडता तेच पुढं म्हणायला लागली, सगळंच्या सगळं. तुझा किशोर हसला म्हणे. म्हणला, आईला काय, कॅसेटीतलं ऐकून ऐकून पाठ झालंय, म्हणून आपलं स्वतःचं असल्यासारखं गाते. आणि तू काय केलंस, तर खाली मान घालून तांदूळ निवडत राहिलीस.

गाडी आली, ती चढून गेली. मी तिथंच बसून राहिले. माझी पण गाडी गेली, तिच्या मागची पण गेली. मला राग लवकर येतो हे तुला ठाऊक हाय, पण हा राग तसला नव्हता, हा आतनं थंडी भरल्यासारखा होता. लोकांनी मला गाणारी म्हणावं, ते ठरलं होतं. पण तुझ्या घरात, तुझ्या लेकानं, तुझं पाणी माझ्याकडनं उचललेलं म्हणावं, हे आपलं ठरलं नव्हतं. घरी आले आणि आम्रपालीला फोन लावला. म्हणलं, त्या कव्हरवर माझं नाव घालायचं नाय. तोंड माझं हाय, आवाज माझा नाय. ज्या बाईमुळं मी हे सगळं शिकले ती गातच नव्हती, असं काहीतरी ती म्हणली. म्हणलं, तू पण ऐकत नव्हतीस, फिटंफाट. मग विचारलंन, कोण. सांगितलं नाय. ते माझ्या हातात नाय.

हे पत्र सेजलला स्टँडावर गाठून तिच्या हाती देतेय, पाकीट चिकटवून. तिच्याकडनं वाचून घेऊ नकोस. अक्षर मोठं काढलंय, सावकाश वाच, जोडाक्षर अडलं तर सोडून पुढं जा. आणि लिहिलंय ते एवढ्याचसाठी, की येत्या रविवारी मी तुझ्या घरी येतेय. इतकी वर्षं झाली, एकदा आले नाय. तू ये म्हणली नायस आणि का म्हणत नाय ते मी विचारलं नाय, दोघींना ठाऊक होतं, उगाच शब्द कशाला घालवायचे. आता न बोलावता येते. आम्रपाली संगं असेल, तिला खाली गाडीत बसवून ठेवणार नाय. किशोर घरी असेल त्याच वेळेला येणार. अंगणात उभी राहून बोलणार नाय, ओटीवर बसेन. आणि सगळ्यांच्या समोर तुला विचारेन, रखमा, नाव घालायचं का नाय. हो म्हण नायतर नको म्हण. नको म्हणलीस तर कॅसेट निघणार नाय, आम्रपाली रडली तरी निघणार नाय, आणि मी राग धरणार नाय. पण ते तुझ्या तोंडानं, तुझ्या घरात मला ऐकायचंय. मीच यायला नको असेन तर शनिवारपर्यंत सेजलकडं निरोप दे, मी कारण विचारणार नाय. मला म्हणायचं होतं ते म्हणून झालं. ह्यापुढं एक अक्षर लिहिणार नाय.

तुझीच,
जानकी
तुडील