विलायती बंगला विकणे आहे

ता. २ एप्रिल १९३४, सोमवार
आजपासून बंगला विक्रीस. ड्रॉइंग मास्तरकीतून रिटायर झाल्यापासून तीन वर्षं खपलो. व्हिक्टोरिया राणीच्या काळी एका गोऱ्या इंजिनिअरानं बांधलेला, पार मोडकळीस आलेला बंगला. पुन्हा अगदी होता तसा उभा केला. रंगीत काचा, नक्षीचे कठडे, दिवाणखान्यात फायरप्लेस. भिंतींना डाग लागू नयेत म्हणून मी आणि मालती मागच्या गड्यांच्या खोल्यांत राहतो. तिला हे पटतं. म्हणजे, ती काही बोलत नाही.
गेटवर पाटी लावली: 'फक्त दर्दी लोकांनी चौकशी करावी.' शनिवारपर्यंत सौदा. मग पुण्यात बिऱ्हाड.

ता. ७
कोणी नाही. पाटीची अक्षरं बारीक होती. मोठी केली.

ता. ११
अक्कलकोटचे एक वकील आले. न्हाणीघर कुठं म्हणाले. बाथटब दाखवला. म्हणाले, यात म्हैस धुता का?
मीच नकार दिला. निदान देणार होतो.

ता. १६, सोमवार
उद्या चनमल्लप्पा येणार. कापडाचे बडे व्यापारी! फायरप्लेस पेटवून दाखवायची. इंप्रेशन पडलं पाहिजे. मालती म्हणाली, "अहो, बाहेर एकशे सात डिग्री आहे." तिला आर्किटेक्चर कळत नाही.

ता. १७, दुपारी ४
पेटवली. धुरांड्यात मधमाश्यांचं पोळं होतं.
चनमल्लप्पा उठले ते थेट मागच्या खोल्यांत. मालतीनं त्यांना आत घेऊन दार लावलं. मी पडद्यात गुंडाळून. नाकावर दोन, कानावर एक.
तासाभरानं मागं गेलो, तर गृहस्थ घोंगडीवर बसून पन्हं पीत होते. म्हणाले, "मास्तर, हितं लई गार हाय की! घेतलं म्हणा."
घेतलं! माणूस दर्दी निघाला. पुण्यात जागा बघायला पत्र टाकलं.

ता. २३, सोमवार
रजिस्ट्रार कचेरीत खरेदीचा कागद झाला. वाचून दाखवला तेव्हा समजलं. चनमल्लप्पांनी मागच्या खोल्या आणि विहीर घेतली. बंगला त्यांना नको.
मी सही करणार नाही म्हणालो. कारकून म्हणाला, तुमची सही लागतच नाही. जागा मालतीच्या दागिन्यांवर घेतलेली, तिच्याच नावावर. तिची सही झालेली होती.
संध्याकाळी तिनं पोळपाट, स्टोव्ह आणि लोणच्याच्या बरण्या दिवाणखान्यात आणल्या. मी विचारलं, उद्या कोणी बंगला बघायला आलं तर?
म्हणाली, "तीन वर्षं मीच बघतेय. आज राहायला आले."
आणि मला म्हणाली, पाय पुसून आत या.