आवाज न करणारी गाडी

७ फेब्रुवारी

ती. दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असेलच. वहिनीला आणि पोरांना आठवण सांग. विचारपूस झाली, आता भांडण.

परवा फोनवर तू म्हणालास, "गाड्यांचं मी बघतो, तू त्यात पडू नकोस." पत्र अशासाठी लिहितेय की पत्राला मधेच "बरं बरं, ठेवतो" म्हणता येत नाही. मी त्यात पडणार आहे. बाबा गेल्यापासून गोल्फच्या मैदानावर भाड्याने गाड्या द्यायचा धंदा मी चालवते. कागदावर तुझं नाव वर आणि माझं खाली, हे मला तोंडपाठ आहे. पण सकाळी शेडचं शटर मी उचलते, टाक्या मी भरते, आणि गाडी सुरू झाली नाही की मेंबरांचं बोलणं मीच ऐकते. बाबांच्या वेळच्या गाड्या आता ढकलून शेडमध्ये आणाव्या लागतात. नव्या घ्यायच्या हे दोघांनाही मान्य आहे. कुठल्या, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तू तिथे बसून, एकाही गाडीत न बसता देऊन टाकलंस.

मी दोन्ही कंपन्यांच्या गाड्या चालवून पाहिल्या. एकीच्या नाकावर हरीण आहे, दुसरीच्या नाकावर बदक. मेंबर त्यांना हरणवाली आणि बदकवालीच म्हणतात. हरणवाल्यांकडे पेट्रोलची मिळते आणि बॅटरीचीही, पण त्यांचा एजंट तुझा कॉलेजचा मित्र, तो पेट्रोलच्या पुढे बोलतच नाही. बॅटरीचं नाव काढलं की चहा मागवतो. बदकवाले फक्त बॅटरीच्या बनवतात.

तुझं म्हणणं, बॅटरी चढावर दम सोडते. सहाव्या होलचा चढ तुला आठवत असेल. त्या चढावर मी क्लबचे सेक्रेटरी आणि त्यांचे साडू या दोघांना एकत्र बसवून नेलं. दोघांचं खाणंपिणं उत्तम चाललंय. मागे पिशव्या होत्या त्या वेगळ्याच. बदकवाली कुरकुर न करता वर गेली. सेक्रेटरी वर पोचल्यावर विचारतात, "इंजिन बंद पडलं का हो?" चालू आहे म्हटल्यावर त्यांचा विश्वासच बसेना.

दुसरं तुझं, बॅटरीत पाणी घालत बसावं लागतं. ते जुन्या पद्धतीच्या बॅटरीत. नव्या बॅटरीत काही घालावं लागत नाही, संध्याकाळी वायर लावायची, सकाळी काढायची. तिसरं, वीज गेली तर? गेली तर क्लबचा जनरेटर आहे, आणि तो तू स्वतः बसवून घेतलास, फोटोसुद्धा काढलास. उलट पेट्रोलने शेडमध्ये एवढा धूर कोंडतो की दुपारपर्यंत माझं डोकं भणभणतं. धुराबद्दल तू कधी विचारलं नाहीस.

आणि आवाज नको, दादा. इथे खेळणाऱ्या लोकांना शांतता लागते. गाडी आवाज न करणारी हवी, बाकी सगळ्यावर मी तडजोड करीन.

चौथ्या होलजवळचा, आपल्या घरावरून जाणारा रस्ता सध्या दुरुस्तीसाठी बंद ठेवलाय. सेक्रेटरी तुझ्याकडे तक्रार करतील, म्हणून आधीच सांगते. आई मजेत आहे. न्हाणीघरात घसरली तेव्हाचा गुडघाही बरा आहे.

तुझी बहीण

२१ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार धरून चाल.

माझ्या चार पानांना तू वहिनीच्या फोनवरून दोन ओळींचं उत्तर दिलंस. "हरणवाली फायनल केली. सगळ्या पेट्रोलच्या. एक खास बाबांच्या रंगाची, पिवळी." खाली हसरा चेहरा. तो वहिनीने टाकला की तू, कोण जाणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विचारायचं नव्हतंच तर आधी "तुला काय वाटतं" हे नाटक कशाला केलंस?

मग रात्रीच्या फोनवर तुझं ते भाषण. बाबांची गाडी पेट्रोलची होती. तो फटफट आवाज म्हणजे आपलं बालपण. तो आवाज गेला तर बाबाच गेल्यासारखे वाटतील. दादा, बाबा गेलेलेच आहेत. दीड वर्ष झालं. तू आलास, सगळ्यांच्या गळ्यात पडून रडलास, आणि आठवड्याच्या आत परत गेलास. तुला बालपण हवंय, ते तू तुझ्या घरी ठेव. तुझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लाव ती पिवळी गाडी, रविवारी चालू कर आणि बस ऐकत. इथे माझ्या दारात नको.

तू विचारलंस, "आवाजाचा तुला एवढा काय त्रास आहे? लहानपणापासून ऐकतेस." मला काही त्रास नाही. मी तेव्हा फोनवर उत्तर दिलं नाही, कारण आई शेजारी बसली होती. तुझा फोन आला की ती शेजारी येऊन बसते. मी तुटक बोलते म्हणून वहिनी रागावते असं कळलं. तिला सांग, राग सध्या इकडे पुष्कळ आहे, तिने भर घालू नये.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आहे का बघ. या पेट्रोलच्या गाड्यांना चावी फिरवली तरी इंजिन लागत नाही. पेडल दाबलं की लागतं, पेडल सोडलं की गप्प. बाबा वळणावरून फटफटत यायचे आणि दारासमोर पाय उचलायचे. एकदम शांत व्हायचं. आई तेव्हा ताट घ्यायला उठायची. आवाजावर नाही, आवाज थांबल्यावर. आपण दोघं तिला चिडवायचो, तुझ्या कानात मीटर बसवलाय म्हणून.

तर ऑर्डर रद्द कर. तुझ्या मित्राला वाईट वाटेल, वाटू दे. त्याच्याकडे बॅटरीच्याही आहेत, त्या घे. बदकच पाहिजे असा माझा हट्ट नाही. हरीण चालेल, गाढव लावलं तरी चालेल. फक्त बॅटरीची हवी.

आई बरी आहे म्हटलं ना. सारखं सारखं विचारू नकोस.

बहीण

४ मार्च

दादा,

आज सेक्रेटरी शेडवर आले होते, तोंडभर हसत. म्हणाले, "तुम्हाला सांगू नका म्हणून बजावलंय, पण राहवत नाही." मग सगळं सांगितलं. तुमच्या बाबांच्या वाढदिवसाला तुमचा भाऊ येतोय. पिवळी गाडी क्लबच्या फाटकावर उतरणार, तो बाबांची टोपी घालून ती स्वतः चालवत आणणार, थेट घराच्या दारात. आईंना केवढा आनंद होईल. मीही हसले त्यांच्यासमोर. ते गेल्यावर शेडचं शटर आतून ओढलं आणि पायरीवर बसून राहिले.

आता लिहिते. लिहिल्याशिवाय तू ऐकणार नाहीस, आणि लिहिल्यावर काय म्हणशील तेही मला ठाऊक आहे. मागच्या खेपेला अंगणात उभा राहून म्हणाला होतास, "आईचं विसरणं वाढलं तर तिला सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवू, आणि हा पसाराही विकून टाकू." आई आत भाजी निवडत होती. त्या दिवशी मी ठरवलं, याला काहीही कळू द्यायचं नाही. गेलं वर्षभर मी तुझ्याशी खोटं बोलतेय, आणि मला त्याचा पश्चात्तापबिश्चात्ताप काही नाही.

आईला बाबा गेल्याचं आठवत नाही. बाकी बरंच आठवतं. माझी रागाची कारणं आठवतात, तुझी अंघोळीची टाळाटाळ आठवते, मीठ किती घालायचं ते हाताला आठवतं. बाबांचं मात्र राहत नाही. एरवी दिवस सरळ जातो. पण घरावरून गाडी गेली की ती कान देते. आणि एखादा मेंबर चेंडू शोधायला वळणावर थांबला, पेडलवरून पाय उचलला, आवाज बंद झाला, की ती उठते. हातातलं टाकून बाहेर पळते. "अहो, आलात?"

पहिल्या वेळी मी तिला खरं सांगितलं. आई, बाबा नाहीत आता. ती अशी रडली की बाबा गेले त्या दिवशीही तशी रडली नव्हती. तासाभराने दुसरी गाडी थांबली. ती पुन्हा बाहेर. मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा तशीच रडली, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी. त्यानंतर मी सांगणं सोडलं. "यायचेत अजून" म्हणते. ती म्हणते, "मग थांबू." दादा, ती जेवायची थांबते.

ती न्हाणीघरात घसरली नव्हती. गाडी थांबून परत निघाली तेव्हा ती तिच्यामागे धावली, बाबांचा हातपाय पुसायचा टॉवेल घेऊन, अनवाणी. उतारावर गुडघ्यावर पडली. गाडीवाल्याने वळून पाहिलंही नाही, कारण इंजिनच्या फटफटाटात त्याला तिची हाक ऐकू गेली नाही. रस्ताही दुरुस्तीला काढलेला नाही. मी स्वतः दोर बांधलाय. दुरुस्त करण्यासारखं तिथे काही नाही. मेंबर दोर उचलून खालून जातात, कारण तो रस्ता जवळचा आहे.

आणि एक ऐक. सेक्रेटरींचे साडू, तेच, चढावर नेलेले, एकदा दारात थांबले. आई बाहेर आली, "अहो, आलात?" त्यांच्यासोबत आणखी दोघं होते, त्यांना हसवायचं म्हणून हा गृहस्थ म्हणाला, "हो, आलो ना." आणि पेडल दाबून निघून गेला. आईने आत येऊन दोन ताटं वाढली. मला म्हणाली, "हातपाय धुताहेत, येतील." अन्न पार गार झालं. मग मला विचारलं, "माझ्यावर रागावलेत का गं?" त्या माणसाला मी अजूनही गाडी देते, कारण धंदा आहे. रोज त्याला किल्ली देताना माझे दात एकमेकांवर घट्ट बसतात.

बदकवाल्यांनी नमुन्याची गाडी ठेवून घ्यायला दिली तेव्हा मी ती मुद्दाम घरावरून नेली. दारासमोर थांबवली, परत नेली, पुन्हा आणली. आई ओसरीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. तिची घडी मोडली नाही. मी गाडीत बसल्या बसल्या रडले. बरं वाटलं म्हणून रडले, आणि आता कुणी आलंय असं तिला कधीच वाटणार नाही म्हणूनही रडले. पण त्या दिवशी ती वेळेवर जेवली. मला एवढंच हवंय. आईने वेळेवर जेवावं. त्यासाठी मी तुझ्याशी चढ आणि जनरेटर आणि धूर यांवर डोकेफोड करत होते.

आता तू म्हणशील, बघ, मी म्हटलंच होतं, हिला झेपत नाही. मला झेपतं. मला आवाज झेपत नाही, आणि त्याचा इलाज बाजारात तयार मिळतो, नाकावर बदक लावून. आईला इथून कुठेही नेऊ देणार नाही. तिला या घरात मीठ सापडतं, दिवा सापडतो, माझं नाव सापडतं. दुसरीकडे काय सापडणार? तुझ्या नावाखाली माझं नाव आहे, माझ्या सहीशिवाय शेडचा एक पत्राही विकता येणार नाही. हे धमकी म्हणून लिहितेय, नीट वाच.

ऑर्डर रद्द करायची की नाही ते तू ठरव. मी आता हात जोडणार नाही. पण पेट्रोलचीच आणणार असशील तर मी तुला अडवणार नाही. ये. पिवळी गाडी घेऊन, बाबांची टोपी घालून ये. दोर मी सोडून ठेवीन. वळणावरून फटफटत ये आणि दारासमोर पाय उचल.

आई बाहेर येईल. टॉवेल असेल हातात. तुझ्याकडे बघून विचारील, "अहो, आलात?"

उत्तर तू द्यायचंस. मी आत असेन. आणि लगेच निघायचं नाही, दादा. राहायचं, कारण ती परत विचारते.

दोन ताटं वाढून ठेवणारी,
तुझी धाकटी