खुबा कुठून उघडला

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी आज तुमच्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. सकाळी नाशिकच्या आपल्याच हॉस्पिटलात एक तरुण सर्जन माझ्यावर खेकसला, "मॅडम, तुम्ही फिजिओथेरपिस्ट. पेशंट चालवा. खुबा कुठून उघडला ते आम्ही बघतो." अगदी तुमचंच वाक्य.

चांदवडच्या मावशी आठवतात? तुम्ही त्यांचा खुबा बदललात. एरवी तुम्ही मागूनच शिरायचात, म्हणून मी तशी पथ्यं शिकवायचे: वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. पुढून उघडलेल्या खुब्याची भीती उलटी. पाय मागे राहून पाऊल बाहेर वळलं की सांधा निसटतो. तेव्हा तुम्ही ती पद्धत नुकतीच शिकून आला होतात. टाके दोन्हींत मांडीच्या बाजूलाच, वरून ओळखू येईना. केसपेपरवर अक्षर नाही. म्हणून विचारलं, तर भर वॉर्डात तुम्ही मला गप्प केलंत. मी नेहमीचीच पथ्यं शिकवली.

तीन आठवड्यांनी मावशी स्ट्रेचरवर आल्या, पाऊल बाहेर वळलेलं. ओट्याशी उभ्या असताना सुनेनं मागून हाक मारली म्हणून वळल्या, एवढंच.

"खाली बसलात ना?" तुम्ही दरडावलंत.

"नाय हो डॉक्टर, लय सांभाळलं. जेवते बी खुर्चीवर."

"मग उगाच निसटला? काहीतरी केलंच असणार."

मावशींनी हात जोडले. "चुकलं आसंल माझं."

सर, त्यांनी माफी मागितली! सांगितलेलं सगळं पाळणाऱ्या बाईनं, तुमची! कुठून शिरला होतात ते तुम्हाला ठाऊक होतं. ते वळलेलं पाऊल पाहून मलाही कळलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, आणि तोंड उघडलं नाही.

आज उघडलं. म्हटलं, कुठून उघडला ते केसपेपरवर लिहा, नाहीतर मी पेशंटला पलंगावरून उतरवणार नाही. बराच वेळ तणतणला, मग लिहिलं: पुढून.

हे पत्र तुमच्या मुलाला दाखवावं असं मनात आलं. नाही दाखवणार. तुमच्या शोकसभेत मी बोलले होते, "सरांना काहीही विचारता यायचं." त्यानं माझे हात धरून आभार मानले. मला बोला असं कुणी सांगितलं नव्हतं, सर. मीच उठले होते.