परबकाकांच्या छातीतलं वारं

४ जानेवारी १९८५, शुक्र.
घाटकोपर. आज दवाखान्यात छाती तपासायच्या मशीनवर फुंकायला सात जण. शेवटचे परबकाका. गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात, धुळीत सगळी नोकरी. फुंकून घेतलं, मग हेलियमवर बसवलं. फुंकून बाहेर येते ती हवा कुणीही मोजेल. कितीही जोर लावला तरी आतच उरते, तिच्यासाठी हा गॅस. छातीतल्या हवेत मिसळून तो जितका विरळ होतो, तितकी जास्त हवा आत. मशीनवरच्या गॅसच्या काट्याने कुठेतरी थांबायला हवं. थांबेना, घसरतच राहिला. शेवटी कंटाळून आकडा घेतला. सव्वासहा लिटर! दोनच्या आसपास हवी.
मी गमतीत बोलून गेले, "काका, दोन माणसांचं वारं कोंडलंय तुमच्या छातीत."
काका हसले नाहीत. सोबतच्या काकूंनी पदर तोंडाला लावला. "दुसरो कोणाचो?"

५ जाने., शनि.
काकूंचा प्रश्न डोक्यातून जात नाही. वारं! आमच्या सांगलीकडेही देवीचं वारं अंगात येतं, मला कळायला नको? जिभेला हाड नाही माझ्या.

८ जाने., मंगळ.
काकू एकट्याच आल्या. काकांनी गोळ्या, पंप, सगळं बंद केलंय. शुक्रवारपासून. ओठ निळसर दिसतात म्हणाल्या. मला वाटलं, भुताला घाबरले. तर उलटंच. वसंता म्हणून धाकटा भाऊ. एकाच खात्यात, एकाच खोलीत. दोन वर्षांपूर्वी काकांच्या मांडीवर गेला, छातीच्याच दुखण्याने. तेव्हापासून काकांच्या डाव्या कानात कुणीतरी श्वास घेतं. आजवर कुणाला बोलले नव्हते. आता माझ्या मशीननेच सांगितल्यासारखं झालं.
"ते म्हणतत, औषधान छाती मोकळी झाली तर वसंतो खंय जातलो?"
उद्या काहीही करून त्यांना घेऊन या, असं मी सांगितलं. माझ्या एका थट्टेपायी माणूस गुदमरायला बसलाय.

९ जाने., बुध.
काकूंनी काकांना आणलं. जिन्यात तीनदा बसले. आमच्या डॉ.ना सगळं सांगितलं, बोलणी खाल्ली. मग त्यांनीच विचारलं, "कुठला कान म्हणालात?" कानाच्या डॉ.कडे पाठवलं. डाव्या पडद्याला भोक! जुनं आहे. घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीतून श्वास तिथे पोचतो आणि भोकातून बाहेर पडतो. म्हणून कानात आवाज. म्हणूनच हेलियम गळत होता. एवढं हलकं वाटलं की तिथेच हसू आलं.
व्हॅसलीनचा कापूस कानात घालून परत मोजलं. काटा थांबला. साडेतीन. आजारी छाती, पण एकाच माणसाची.
काकांना समजावलं, "ती जादाची हवा तुमची नव्हतीच. गळतीमुळे मशीनने या खोलीतली हवासुद्धा तुमच्यात धरली."
काकांनी छतापासून खाली, सगळ्या खोलीभर नजर फिरवली. सावकाश. कुणाला तरी शोधतात तशी.
"म्हंजे तो भायर इलो."
"अहो, कुणी नाही काका, नुसती हवा..."
"मगे तो हंयच आसा."
आणि चेहरा एकदम सैल झाला. पंप स्वतःच मागून घेतला. परत समजवायला हवं होतं का? औषध तर घेतलं ना.

१५ जाने., मंगळ.
दोघं तिळगूळ घेऊन आले. काकांच्या ओठांना रंग आलाय. औषध वेळच्या वेळी, कान शांत, झोप लागते. डॉ. खूश. मीही खूश, खरंच. निघताना काका दाराशी वळले. माझ्याकडे नाही, माझ्या मागे, हेलियमच्या सिलिंडरशेजारी बघून म्हणाले, "वसंता, बाईंका त्रास देव नको हां."
काकू मान खाली घालून चपला घालत होत्या. टेबलावर तिळगुळाच्या दोन पुड्या. एक माझी.

१६ जाने., बुध.
दुसरी पुडी हलवली नाही. कुठे ठेवणार? खोलीत स्पिरिटचा वास कोंडला होता, म्हणून खिडकी उघडायला गेले. कडीला हात लावला आणि थांबले. गेला तर? महिन्याने काका तपासणीला येणार. आल्या आल्या खोलीभर बघणार. तो इथे आहे म्हणून तर औषध चाललंय. हे सगळं मला हसत हसत सुचायला हवं होतं. तसं नाही, खरंच घाबरून सुचलं.
नऊ पेशंट झाले. एक बाई म्हणाल्या, "फार कोंदट आहे हो इथे, खिडकी उघडा की." म्हटलं, बिघडलीय. सिलिंडरकडे पाठ करून बसायचंही टाळलं.
काका येईपर्यंत तरी उघडायची नाही.