भावी खासदार, बर्लिन

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या जवळच्यांनी लिहून ठेवायला हवं, नाहीतर इतिहास भलत्यांच्या हातात जातो. तर, हेस्लर साहेब. जर्मनीचे माजी खासदार, परंपरावादी पक्ष, तीन टर्म. गेल्या निवडणुकीत थोडक्यात पडले. सध्या दुबई मरीनात कन्सल्टन्सी. मी त्यांचा राजकीय सल्लागार. गाडीही मीच चालवतो, कारण सल्लागाराने नेत्याच्या जवळ असावं. साहेब मला प्रेमाने चंद्रा म्हणतात, ऑफिसातला व्हर्नन मात्र ड्रायव्हर म्हणतो. वसईचा असून राजकारणाचा गंध नाही.

१५ ऑक्टोबर
मोठी बातमी! साहेब गाडीत पार्टनरला फोनवर इंग्रजीत सांगत होते. तिकडे खासदाराने राजीनामा दिला तर पोटनिवडणूक होत नाही, पक्षाच्या यादीतला पुढचा माणूस थेट आत. पुढचा माणूस म्हणजे आपले साहेब. म्हातारे खासदार फॉग्ट हॉस्पिटलात आहेत, महिनाअखेर राजीनामा देणार. तोवर कुठे चकार शब्द काढायचा नाही, म्हणाले. मी आरशातून मान हलवली.

१६ ऑक्टोबर
कमलिनीला सांगितलं, बर्लिनची तयारी ठेव. तिने विचारलं, साहेब तसं म्हणाले का? बायकांना सगळं बोलून दाखवावं लागतं. बावीस वर्षं काढली इथे, आता इंटरनॅशनल सिटीच्या एका खोलीत लेक शर्वाणीसह तिघं. इथे मत नाही, गावच्या मतदार यादीतून नाव उडालं. कोण निवडून येतो, कोण पडतो, मला कुणी विचारत नाही. राग येतो. साहेब संसदेत गेले तर निदान एक खासदार माझा असेल.
संकल्प: रोज अर्धा तास जर्मन.

१९ ऑक्टोबर
जर्मन झालं नाही. साहेब मागे झोपले होते आणि अ‍ॅपमधली बाई फार मोठ्याने बोलते.

२३ ऑक्टोबर
साहेबांना साठ पूर्ण. ऑफिसने केक आणला. साठीला केक! मी शाल, श्रीफळ, फेटा घेऊन गेलो. साहेब जरा मागे सरकले, मग बिचारे उभे राहिले. व्हर्ननला म्हटलं, यल्ला, फोटो काढ. साहेबांनी विचारलं, फोटो कशाला? म्हटलं, फॅमिलीसाठी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
बॅनर तयार. रस्त्यावर लावायला इथे परमिशन लागते, म्हणून फेसबुकवर. मधोमध फेट्यातले साहेब, वर 'भावी खासदार', खाली शुभेच्छुक म्हणून मी, गॉगल लावून. ज्यांची जागा घ्यायची त्यांचा मान राखावा, म्हणून वरच्या कोपऱ्यात फॉग्ट साहेब. गोल चौकट, भोवती झेंडूची माळ, खाली 'प्रेरणास्थान'. व्हर्ननने विचारलं, माणूस जिवंत आहे ना, मग हार कशाला? म्हटलं, अ‍ॅपमधली चौकट हारासकटच येते. जर्मनांना कळावं म्हणून फोनवर भाषांतर करून मजकूर त्यांच्या भाषेतही टाकला. साहेबांना टॅग केलं. नेत्याने गप्प राहावं, कार्यकर्त्याने राहून कसं चालेल?

२५ ऑक्टोबर
धडाधड शेअर. बरेचसे जर्मन. रागावलेले चेहरेही आहेत, म्हणजे विरोधक जागे झाले. साहेबांचा फोन सतत एंगेज. अभिनंदनाचेच असणार.

२७ ऑक्टोबर
साहेबांना मरीनाला सोडलं. उतरताना म्हणाले, ते काढ. काढलं. पण त्यांच्या गावच्या पेपरात पहिल्या पानावर आलंय, ते कसं काढणार? व्हर्ननने फोनवर भाषांतर करून मथळा वाचून दाखवला: दुबईत सत्कार, इथे मरणाची वाट. फॉग्टबाईंच्या दारात लोक मेणबत्त्या ठेवून गेले म्हणे. हार म्हणजे मान, एवढं साधं त्या लोकांना कळू नये?

३१ ऑक्टोबर
फॉग्ट व्हीलचेअरवरून थेट संसदेत. म्हणाले, राजीनामा देणार होतो, पण माझी श्रद्धांजली पाहिली आणि बरं वाटायला लागलं. आता टर्म पूर्ण करणार. सगळे पक्ष उभे राहून टाळ्या वाजवत होते. संध्याकाळी पक्षाने साहेबांकडून यादीतली जागा सोडल्याचं लिहून घेतलं. म्हातारा नाटकी. एवढा मान देऊन हे फळ.

४ नोव्हेंबर
साहेबांनी पेपरला निवेदन दिलं. शर्वाणीने भाषांतर करून वाचलं. साहेब म्हणतात, बॅनरवरच्या माणसाला मी ओळखत नाही, गाडी एजन्सीची असते, ड्रायव्हर रोज बदलतात. शर्वाणी ओरडली, ही इज लाइंग, पापा, से समथिंग! कमलिनी भाजी चिरत राहिली. मी म्हटलं, राजकारणात असं बोलावं लागतं. पण वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ड्रायव्हर रोज बदलत नव्हते. साहेब इथे उतरल्यापासून मीच होतो.

५ नोव्हेंबर
एजन्सीचा मेसेज: खलास, किल्ली नव्या माणसाला द्या. मरीनाला गेलो. पेशावरकडचा पोरगा आहे. त्याला समजावत होतो की साहेबांना एसी कमी लागतो, तेवढ्यात साहेब लिफ्टमधून आले. फोनवर होते. मान वर न करता त्याच्या हातात बॅग दिली आणि म्हणाले, एअरपोर्ट, चंद्रा.
तो येस सर म्हणाला. मीही म्हणालो.