लाइलचं निळं ऑर्किड

प्रिय लाइल,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. फोन मी मुद्दामच केला नाही. "अर्लिस, एक मिनिट हं," म्हणून तू गिऱ्हाइकाशी बोलायला जातोस तो पुन्हा उगवतच नाहीस. फ्लोरिडात लोकांच्या परसात पोहण्याचे तलाव खणून देतोस, पण तोरा असा की जणू देशाचा कारभार हाकतोयस! इकडे उत्तरेत, डुलुथच्या वृद्धाश्रमात आई खिडकीशी बसून रोज विचारते, "लाइल येणार होता ना गं?" रोज जाणारी मी मात्र तिला दिसत नाही.

गेल्या मे महिन्यात मातृदिनाला तू तिला ऑर्किड पाठवलंस. तेही निळं! जेवणाच्या हॉलमध्ये ती प्रत्येक टेबलाशी कुंडी घेऊन फिरली. "माझ्या लाइलनं पाठवलंय, आहे का कोणाकडे असलं?" अरे शहाण्या, ते ऑर्किड असं निळंशार उगवत नसतं. पांढऱ्या झाडाच्या दांड्यात सुईनं रंग टोचतात आणि तुझ्यासारख्या घाईतल्या मुलांच्या गळ्यात मारतात. वर कुंडीत चिठ्ठी खोचलेली, आठवड्याला बर्फाचे तीन खडे घाला! झाड उष्ण मुलखातलं, आणि त्याच्या मुळांवर बर्फ. आई इमानेइतबारे घालायची. तिला वाटायचं, ते तूच लिहून पाठवलंयस.

ऑगस्टमध्ये फुलं गळली. नर्सबाई कुंडी कचऱ्याच्या पिशवीत टाकायला निघाली, कारण इथे सगळे तेच करतात. फुलं संपली की झाड मेलं, आणा नवं. मी तिच्या हातातून ती ओढून घेतली आणि घरी आणली. प्रेमानं? छे! मला ते पुन्हा फुलवायचं होतं. पुन्हा फुललं की पांढरंच फुलणार हे मला ठाऊक होतं. ते आईपुढे ठेवून म्हणायचं होतं, "बघ तुझ्या लाडक्याचा निळा रंग."

कुंडीतून काढलं तर आत ओलंकच्च शेवाळ आणि काळी, लिबलिबीत मुळं. सडलेली सगळी कापली. उरलेलं झाड लाकडाच्या सालीच्या तुकड्यांत बसवलं आणि पूर्वेच्या खिडकीत ठेवलं. मुळं हिरवी दिसतात तोवर त्याला पाणी नको असतं. ती रुपेरी झाली की सिंकमध्ये नेऊन कोमट पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि पार निथळू द्यायचं. पानगळीत रात्रीचं मुद्दाम गारव्यात ठेवलं, त्याशिवाय ते फुलांचा दांडा धरत नाही. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तू येणार म्हणून आईनं केस सेट करून घेतले होते. तू आला नाहीस. त्याच आठवड्यात झाडाला दांडा फुटला. तुझ्यापेक्षा त्या झाडाला जास्त चाड, असं मी भांडी घासता घासता मोठ्यानं म्हणाले. ऐकायला घरात कोणी नव्हतं.

परवा मंगळवारी मी ते आईकडे घेऊन गेले. बाहेर अजून गुडघाभर बर्फ. आधी गाडी तापवली, झाड कागदी पिशवीत गुंडाळलं. फुलं पांढरीशुभ्र, अगदी मला हवी तशी. आई दुपारच्या झोपेतून नुकती उठत होती. कुंडी तिच्यासमोर ठेवली. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

तिनं एका पाकळीला बोट लावलं आणि तिचा चेहरा असा उजळला, लाइल, काय सांगू! "आला होता!" ती म्हणाली. "मी झोपले होते म्हणून उठवलं नसेल. खरं सांगू? ते निळं मला मेलं कधीच आवडलं नव्हतं गं. पण पोराला कसं सांगायचं? बघ, त्याला न सांगता कळलं." मग तिनं माझा हात धरला. कित्येक महिन्यांत धरला नव्हता. "आला होता ना गं?"

मी म्हटलं, "हो."

इतका राग आला मला! तुझा, तिचा, माझा स्वतःचा. गाडीत बसून रडले, आणि ते तुला कळावं म्हणून लिहितेय.

तर लाइल, मंगळवारी तू येऊन गेलास. करडा कोट घातला होतास आणि जरा जाड झाला आहेस. तिनं खोदून खोदून विचारलं, मी सांगत गेले. ईस्टरच्या रविवारी पुन्हा येणार आहेस, तेही सांगून बसले. डॉक्टर म्हणतात, ती उन्हाळा पाहील असा भरवसा धरू नका. म्हणून हे पत्र. तुझे तलाव चार दिवस कोरडे राहिले तर कोणी बुडून मरणार नाही. विमानात बस आणि ये. ती फुलाबद्दल बोलेल, तेव्हा मान डोलव. ते मी वाढवलं हे तिला सांगायला तोंड उघडलंस, तर याद राख.

तुझीच, दुसरा भाऊ नाही म्हणून,
अर्लिस