अप्पांचा डावा पाय

अप्पा, त्या म्हातारीच्या दारात तुम्ही पाणी प्यायलात तेव्हा मी तुमच्या मागेच उभी होते. उन्हाळा लागला होता. लोकल बोर्डाची निवडणूक तोंडावर आली होती आणि आपण वळसंगच्या पलीकडच्या त्या गावात बैलांच्या दमणीतून उतरून घरोघर फिरत होतो. मत तेव्हा सगळ्यांना कुठं होतं? सारा भरेल त्यालाच. आणि गावातले बरेचसे सारा भरणारे त्या म्हातारीचे मुलगे, पुतणे, नाहीतर जावई. ती सांगेल त्याला मत पडणार, हे पाटलालाही माहीत होतं. म्हातारीनं तांब्या पुढे केला. "नीर कुडीरी, डाक्टर," ती म्हणाली, आणि तुम्हाला कानडी कळतं हे ठाऊक असूनही मराठीत पुन्हा म्हणाली, "पानी प्या की." पाणी पायऱ्यांच्या विहिरीचं होतं. माझ्या पिशवीत गाळायचं फडकं होतं, मी ते अर्धं बाहेर काढलंही. तुम्ही माझ्याकडे न बघता नुसता हात आडवा केलात. तिच्या दारात तिचं पाणी गाळणं म्हणजे तिच्या तोंडावर थुंकण्यासारखं होतं. तुम्ही तांब्या उचललात आणि घटाघटा प्यायलात.

त्या पाण्यात काय आहे हे सबंध जिल्ह्यात तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नवरा गेल्यावर मी तुमच्याकडे परत आले आणि तुम्ही मला दवाखान्यात जखमा बांधायला शिकवलंत, तेव्हा पहिल्यांदा शिकवलात तो नारूच. दर उन्हाळ्यात त्या गावाहून बैलगाड्या भरून माणसं यायची. घोट्याजवळ फोड यायचा, आगीसारखा जळायचा, फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. तो ओढून काढता येत नाही, तुटला तर पाय सडतो. बारीक काडीवर रोज बोटभर गुंडाळत न्यायचा, तोवर माणूस अंथरुणाला खिळलेला आणि पेरणी निघून गेलेली. "ज्याच्या पायाला नारू, तो विहिरीच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवतो," तुम्ही मला समजावायचात, "आणि ते पाणी जो पितो, त्याला वर्षानं नारू निघतो. पायऱ्या बंद केल्या, पाणी वरून रहाटानं ओढलं, की संपलं. औषध नाही याला, बाई. गवंडी हवा." गवंडी बोर्डाच्या हातात होता. म्हणून तुम्ही स्टेथोस्कोप खुंटीला अडकवलात आणि निवडणुकीला उभे राहिलात.

निवडून आलात. पावसाळा सरल्यावर त्या विहिरीच्या पायऱ्या भिंत घालून बुजवायचा हुकूम काढलात. गावचा एकही गवंडी तयार होईना, सोलापुरातून न्यावे लागले. काम सुरू व्हायच्या दिवशी भर दुपारी आपण तिथं गेलो होतो. दुपारी त्या विहिरीवर कुणी फिरकत नसे. खाली, शेवटच्या पायरीवरच्या कोनाड्यात, शेंदूर लावलेले सात दगड होते. त्या आसरा. पाण्यातल्या बायका. खालून गार हवा येत होती, आणि आजूबाजूच्या झाडांचं पान हलत नव्हतं. म्हातारी काठीवर भार देऊन वर उभी होती. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. शेजारणीला सांगावं तसं म्हणाली, "त्यांची वाट बुजवू नगासा, डाक्टर. बाईमानसाची वाट बंद केली की ती दुसरीकडनं वाट काडती." तुम्ही हसून हात जोडलेत. संध्याकाळपर्यंत भिंत कमरेएवढी आली होती.

पुढच्या उन्हाळ्यात गावात नारू निघालाच. निघणारच होता, पाणी भिंतीच्या आधीचं प्यालेलं. पण ते गावाला कोण पटवणार? पायऱ्या बंद करूनही नारू आला, उलट चिडून आला, असं बोलणं सुरू झालं. भिंत पाडावी असा अर्ज घेऊन पाटील बोर्डात येऊन गेला. त्याच सुमारास एका सकाळी तुम्ही मला स्वयंपाकघरात हाक मारलीत, दार लोटून घ्यायला सांगितलंत आणि डावा पाय पाटावर ठेवलात. घोट्याखाली फोड होता.

तो मीच बांधत असे, रोज सकाळी. बोर्डाच्या सभेला तुम्ही पायाला फडकं गुंडाळून, वर मोजा चढवून जात होता. मुरगळला म्हणून सांगत होता. आजही ते मला समोर दिसतं: मी चुलीशी आहे, तुम्ही पाटावर, काडीवरचा दोरा कोरडा, भिजवायला हवा. मी घागर कलती करते, पाणी तपेल्यात पडायला लागतं, आणि तुम्ही दोन्ही हातांनी पाय दाबून धरता. "थांब," म्हणता. मी थांबते. "पाण्याचा आवाज झाला की ती पुढे येते." मी बघतच राहते. इतकी वर्षं तुमच्या तोंडून मी 'तो किडा' असंच ऐकलं होतं. माझी नजर तुमच्या लक्षात येते. "मादीच असते बाहेर येणारी," तुम्ही चष्मा पुसत म्हणता. "पुस्तकात तसंच आहे." पुस्तकात तसं होतं, मी नंतर पाहिलं. त्याला पाण्याचा आवाज ऐकू येतो, असं मात्र कुठं नव्हतं.

भिंत पाडायला गाव जमणार असल्याचा निरोप आला तेव्हा, "दमणी जोडायला सांग," एवढंच तुम्ही म्हणालात. आपण पोचलो तर विहिरीवर पहारी घेऊन माणसं उभी होती आणि पाटील सावलीत बसला होता. तुम्ही नव्या भिंतीच्या कडेला बसलात, मोजा काढलात, फडकं सोडलंत आणि पाय सगळ्यांपुढे धरलात. काडी घोट्याला बांधलेली, तिच्यावर गुंडाळलेला दोरा.

"हा मला गेल्या वर्षी लागला," तुम्ही म्हणालात. "पायऱ्या उघड्या होत्या तेव्हा. नारूला वर्ष लागतं. यंदा तुम्हाला निघाला तोही तेव्हाचाच. ही भिंत एक उन्हाळा राहू द्या आणि मग बघा."

म्हातारी गर्दीतून पुढे आली, वाकली, आणि पायाकडे बराच वेळ बघत राहिली.

"कुटं प्यालासा पानी?"

"तुमच्याच दारात, आजी."

"म्हंजे आली," ती म्हणाली. मागे वळून बायकांना म्हणाली, "आली गं. डाक्टरच्या वाटंनं आली."

"आजी, हा किडा आहे."

"व्हय की, किडाच. देवी काय आपलं रूप सांगून घेती व्हय?"

कमरेच्या चंचीतून तिनं कुंकू काढलं आणि तुमच्या घोट्याला लावलं. मग एकेक बाई येऊ लागली. दहीभात आला, हिरव्या बांगड्या आल्या, कुणी खण ठेवला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. डॉक्टर म्हणून तुमचा चेहरा मला पाठ होता, पण त्या क्षणी तुम्ही काय विचारत होता ते मला वाचता आलं नाही. पाय मागे घेता आला असता. तुम्ही घेतला नाहीत. शेवटी पाटील उठला, जोडा काढला आणि हात जोडून वाकला. पहारी आल्या तशा परत गेल्या.

परत येताना मी विचारलं, "का नाही पाय मागे घेतलात?" तुम्ही माळाकडे बघत होता. "भिंत राहिली ना?" म्हणालात. सोलापूरच्या गिरणीचं धुराडं दिसायला लागलं तेव्हा मोजा पुन्हा चढवलात.

भिंत राहिली आणि नारू गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्या गावची एकही गाडी दवाखान्याच्या दारात आली नाही. मग सांगोल्याकडून, माढ्याकडून माणसं यायला लागली, पण औषधाला नव्हे. "आमच्या बी हिरीवर पाय ठिवा," म्हणायची. आणि तुम्ही जात होता, अप्पा. अनवाणी होऊन वरच्या पायरीवर डावा पाय ठेवायचात, बायका कुंकू लावायच्या, मग गवंडी कामाला लागायचे. तुम्ही बोर्डाचे अध्यक्ष झालात, मुंबईच्या कौन्सिलात गेलात. तुमच्या भाषणांची लोक तारीफ करायचे. पण मी बायकांत बसायची, आणि बायका तुमच्या तोंडाकडे बघत नसत. दवाखान्यात हळूहळू कुणी येईनासं झालं. खोकला झालेलं माणूससुद्धा नाडी दाखवायच्या आधी पायावर डोकं ठेवायचं. एकदा तुम्ही चिडून म्हणालात, "मी डॉक्टर आहे, देव्हारा नाही." समोरचा "व्हय जी" म्हणाला आणि पुन्हा वाकला.

नारू तर पहिल्याच वर्षी सबंध निघाला होता, शेवटचा बोटभर दोरा मीच काडीवर गुंडाळला होता. तरी तुम्ही पुढे जन्मभर डावा पाय न्हाणीबाहेर फळीवर ठेवून अंघोळ केलीत. मी घागर ओतायला घेतली की बसल्या जागी तो पाय उचलायचात. मला दिसायचं.

तुम्ही गेलात ते पहाटे. आपल्या रीतीप्रमाणे, माती द्यायच्या आधी, तुम्हाला भिंतीशी चौरंगावर मांडी घालून बसवलं, विभूती लावली, शाल पांघरली. बोर्डाची मंडळी यायची होती. त्यांच्याआधी त्या गावच्या बायका दारात उभ्या राहिल्या. निरोप कुणी दिला, मला आजही कळलेलं नाही. त्या गावाहून चालत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तुम्हाला जाऊन झालाच नव्हता. म्हातारी केव्हाच वारली होती, तिची सून पुढे होती. तिच्या कडेवर रिकामी घागर.

"आमी न्यायला आलो," ती म्हणाली.

"कुणाला?"

"तिला. अप्पास्नी तुमी ठिवा. ती मातीत कशी ऱ्हाईल?"

मी तोवर सरकारी इस्पितळात नर्सिंगची परीक्षा दिलेली बाई होते. त्यांना बाहेर काढायला हवं होतं. मी शाल बाजूला केली. त्यांनी घागर पायाखाली धरली आणि मीच तांब्यानं तुमच्या डाव्या घोट्यावर पाणी घातलं. सुनेनं घागरीचं तोंड हिरव्या खणानं बांधलं. "कुठं नेणार?" मी विचारलं. "तिच्या घरी. वरनं सोडू. रहाट हाय की."

हे लिहून कुणाला पाठवायचं नाही, पाठवायला जागाही नाही. सकाळी चूल पेटवताना हे कागद आत सारीन. पण एक गोष्ट तुमच्यापाशी बोलून टाकते, कारण माणसांत बोलले तर माझ्या परीक्षेला हसतील. त्या घागरीत एकच तांब्या पाणी होतं, मी स्वतः ओतलेलं. सुनेनं ती उचलायला घेतली, तिला उचलेना. दुसरी वाकली, दोघींना उचलेना. म्हणून मी खाली वाकून हात दिला.

जड होती, अप्पा.